सुवाच्य

जिन्यावर माझी चाहूल लागली की मुलं कुजबुजतात,
"हिटलर आला रे."
बावीस वर्षं चाललंय. मला ठाऊक आहे.
खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.
गंगापूर रोडवर शाळा काय कमी आहेत?
पण नाव पडलेला पर्यवेक्षक मी एकटाच.

डिसेंबरात तिघं आली, अदलाबदलीची मुलं.
वूचची माल्विना, रोसारिओचा एसेकिएल,
आणि ल्यूबेकचा योंटे,
मिसळीनं घामाघूम होऊन वर रस्सा मागणारा.
नववी ब पुढे त्यांनी चार दिवस
त्यांच्याकडचा तो इतिहास मांडायचा, असं ठरलं.
वेळापत्रक अर्थात मी केलं.
रकाने पट्टीनं आखले.

पहिल्याच दिवशी योंटेनं जिन्यात ते ऐकलं.
त्याला मराठी येत नाही,
पण तेवढा एक शब्द कुठल्याही भाषेत तसाच राहतो.
तेजोमय आहिररावनं समजावलं, "म्हणजे स्ट्रिक्ट. गंमत."
योंटे हसला नाही, रागावलाही नाही.
खाली वाकून बुटाची नाडी सोडली
आणि पुन्हा बांधली.

तिसऱ्या दिवशी त्यानं एक झेरॉक्स आणली.
गाडीत भरलेल्या माणसांची यादी.
अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, व्यवसाय.
शिंपी. शिंपी. सुईण. विद्यार्थिनी. शिंपी.
सुटण्याची वेळ होती.
परतीचा रकाना नव्हता.
मी चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ धरला
आणि तोंडून निघून गेलं,
"अक्षर सुवाच्य आहे."

भाषांतराला स्वरांगी पिंगळे उभी होती.
ते वाक्य तिनं केलं नाही.
योंटेनं विचारलं, सर काय म्हणाले?
तेव्हा केलं, खाली बघून.
"हो," तो म्हणाला.
"माझे पणजोबा रेल्वेत कारकून होते.
ही यादी त्यांची नसेलही. काम हेच.
घरी सगळे अजून सांगतात,
काय अक्षर होतं त्यांचं."

संध्याकाळी माल्विनाला नदी बघायची होती.
रामकुंडावर कुणी लाल फडक्यातलं गाडगं सोडत होतं.
इथे अस्थी विरघळतात असं मानतात, मी म्हणालो.
ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
आजीला तीन बहिणी होत्या, म्हणाली,
आणायला काही उरलं नाही.

आम्ही गायधनी. आमच्या माडीवर चोपड्या आहेत,
बासनात बांधलेल्या.
कुणाचा पणजा, कुठलं गाव, कोण कुणाला घेऊन आलं.
माणसं लांबून येतात, बोट ठेवून वाचतात,
कधी तिथेच रडतात.
वडील म्हणायचे, चोपडीत नाव आहे
तोवर माणूस पुरता गेला नाही.
हे मी तिला सांगणार होतो.
पण नावं लिहिणारे तिकडेही होते.
शाईही अशीच काळी असणार.
नाही सांगितलं. घाटावर चहा घेतला.
तिला आलं सोसलं नाही, तरी तिनं कप संपवला.

सोमवारी तिघं गेली.
मी नववी ब ची हजेरी घ्यायला उभा राहिलो.
एरवी आकडे पुकारतो. दोन मिनिटांत काम होतं.
त्या दिवशी नावं घेतली,
बापाच्या नावासकट, आडनावासकट.
वर्ग गडबडला. "येस सर" भलत्या जागी पडू लागलं.
कुणीतरी मागून फिसकन हसलं.
मीच आखलेल्या रकान्यातून
तास बाहेर सांडत चालला.

"मुस्तकीम शफीक तांबोळी."
"गैरहजर, सर."
एवढं मला आजवर पुरत असे.
"कुठे असतो तो?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.
कुणालाच सांगता येईना.
मी पुन्हा पानाकडे पाहिलं.
त्याच्या नावापुढे बारा दिवसांचे गै,
लाल शाईतले, एका ओळीत,
एकही रेघेच्या खाली उतरलेला नाही,
सगळे माझ्या हातचे, सुवाच्य.